झोपेसाठी झोका किती हळू हवा?

प्रश्न: हळुवार झुलल्याने झोप लवकर लागते म्हणतात. वेग किती ठेवावा? २ मीटर दोरीच्या झोपाळ्यावर गरगरत असेल तर काय बदलावं?

प्रतिसाद १: जिनिव्हातल्या २०१९च्या प्रयोगात पलंगाची एक ये-जा ४ सेकंदांची होती. १८ निरोगी तरुणांना झोप लवकर लागली, गाढ झोपही वाढली. ही लय कानातला तोल सांभाळणारा अवयव मेंदूपर्यंत पोचवतो.

प्रतिसाद २: लय दोरीच्या लांबीवर ठरते, वजनावर नाही! २ मीटरला सुमारे २.८ सेकंद; ४ सेकंदांसाठी जवळपास ४ मीटर दोरी लागेल. तेवढी उंची नसेल तर झोका वीतभरच घ्या, गरगरणं बहुधा थांबेल.

प्रतिसाद ३: तान्ह्या बाळाला मात्र कलत्या झुल्यात झोपवू नका. हनुवटी छातीवर टेकून श्वास अडू शकतो. डोळा लागला की सपाट, घट्ट गादीवर उताणं ठेवा.