कागदाचा पांढरेपणाही चित्राचाच भाग
कॅनव्हासवर छापलेली प्रत मूळ चित्राच्या अधिक जवळ जाते, असे मत अनेकदा मांडले जाते; पण फॉव्ह चित्रांच्या, म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या फ्रान्समधील भडक, प्रखर रंगांच्या शैलीतील चित्रांच्या बाबतीत ते मला पटत नाही. फ्रेंच चित्रकार आंरी मातिसच्या १९०५ मधील, कोलिऊर या फ्रान्समधील किनारी गावातल्या उघड्या खिडकीच्या चित्रात कुंचल्याच्या फटकाऱ्यांमधून कॅनव्हासचा फिकट पांढरा थर जागोजागी दिसतो, आणि शेजारचे गुलाबी व हिरवे रंग इतके प्रखर भासण्यात त्या मोकळ्या जागांचा मोठा वाटा आहे. छापील प्रतीत त्या जागी कागदाचाच पांढरा रंग दिसतो; म्हणूनच चकचकीत, निळसर पांढऱ्या कागदावरची माझी पहिली प्रत निर्जीव वाटली. तीच प्रतिमा उजळक रसायन (कागद अधिक पांढरा दिसावा म्हणून घालतात ते) नसलेल्या मॅट, म्हणजे बिनचकाकीच्या, सुती कागदावर पिगमेंट (रंगकणांच्या) शाईने छापून घेतल्यावर रंग जिवंत झाले.

आकारही महत्त्वाचा आहे: मूळ चित्र जेमतेम ५५ × ४६ सेंटिमीटरचे असल्याने, भिंत भरावी म्हणून ते दुप्पट केले की फटकाऱ्यांचा वेगच हरवतो.