माजी सैनिकांना वर्गात बोलवायचे आहे, पण भाषण नको आहे

प्रश्न : वऱ्हाडी मास्तर (तेल्हारा तालुका, जि. अकोला)

नमस्कार. मी एका खेड्यातील माध्यमिक शाळेत इतिहास व राज्यशास्त्र शिकवतो. नववीच्या राज्यशास्त्रात भारताच्या सुरक्षा व्यवस्थेवर प्रकरण आहे आणि इतिहासाच्या साधनांमध्ये मौखिक साधनांचा उल्लेख आहे. या दोहोंची सांगड घालावी म्हणून गेल्या वर्षी आम्ही एका माजी सैनिकाला शाळेत बोलावले. कार्यक्रम फसला आणि दोष आमचा होता. हार, नारळ, स्वागतगीत आणि प्रास्ताविक यांत पाऊण तास गेला. पाचवीपासून दहावीपर्यंतची सगळी मुले मैदानात उन्हात बसवलेली पाहून ते बिचारे शिस्त, व्यसन आणि मोबाईल यांवर बोलले, कारण एवढ्या गर्दीपुढे माणूस दुसरे बोलणार तरी काय? शेवटी सातवीतल्या एका मुलाने विचारले, "आजोबा, तुम्ही किती लोकं मारले?" ते क्षणभर थांबले, पाणी मागितले आणि खाली बसले. तो क्षण माझ्या मनातून जात नाही.

यंदा फक्त नववीचा वर्ग घ्यायचे ठरवले आहे. गावात १९७१ च्या युद्धाच्या वेळी सैन्यात वाहनचालक असलेले एक आजोबा आहेत. त्यांना विचारले तर म्हणाले, "मी तं गाडी चालवत होतो गुरुजी, लढाई कुठं केली? पोरायले काय सांगू?" त्यांना काय उत्तर द्यावे, मुलांची तयारी कशी करून घ्यावी आणि या सगळ्याचा अभ्यासक्रमाशी संबंध कसा जोडावा, याबद्दल अनुभवी मंडळींनी सांगावे.

उत्तर : शिक्षिका, पुलगावजवळून (जि. वर्धा)

सर, "लढाई कुठं केली" म्हणणारा माणूसच वर्गासाठी सर्वांत चांगला, असे मी अनुभवाने म्हणते. आमच्याकडे दारूगोळा भांडारामुळे गावोगावी लष्करी नोकरीची माणसे भेटतात, तरीही मी सुरुवातीला "खरा लढलेला" माणूसच शोधत राहिले. एके वर्षी तसा कोणी मिळाला नाही, म्हणून लंगरमध्ये स्वयंपाकी असलेल्या काकांना बोलावले. त्यांनी उंच पहाडावर भात का शिजत नाही हे सांगितले. समुद्रसपाटीपासून सुमारे ५,००० मीटर उंचीवर हवेचा दाब इतका कमी असतो की पाणी ८३ अंशांच्या आसपासच उकळते. वाफ दिसते, पण तांदूळ कच्चाच राहतो, आणि प्रेशर कुकर बिघडला तर सगळी तुकडी उपाशी राहण्याची पाळी येते. आमच्या मुलांनी बर्फ फक्त बर्फगोळ्याच्या गाडीवर पाहिलेला. त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा कळले की सियाचीन म्हणजे केवळ नकाशावरची रेघ नाही, तिथे रोज कोणीतरी कणीक मळतो. १३ एप्रिल १९८४ ला सुरू झालेले ऑपरेशन मेघदूत, म्हणजे सियाचीनवरची लष्करी मोहीम, मी त्यानंतरच्या तासाला शिकवले आणि ते मला वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

तयारीबद्दल सांगायचे तर पाहुणे येण्याआधीचे दोन तास मी प्रश्नांसाठीच ठेवते. मुले प्रश्न लिहितात, आम्ही ते मोठ्याने वाचतो आणि "हा प्रश्न तुझ्या आजोबांना कोणी विचारला तर चालेल का?" एवढेच विचारतो. मारण्याचे प्रश्न मुले स्वतःच खोडतात. पहिला प्रश्न नेहमी सोपा असावा : भरती होऊन घरून निघालात तेव्हा स्टँडवर कोण सोडायला आले होते? त्यानंतर पत्रांकडे वळावे. फौजीच्या पत्त्यावर गावाचे नाव नसून "५६ ए.पी.ओ." (आर्मी पोस्ट ऑफिस, म्हणजे लष्करी टपाल कार्यालय) का लिहीत, हे विचारले की वर्गात गोपनीयता, टपाल आणि घरच्यांची काळजी असे तीन विषय आपोआप उघडतात. आणि हार-नारळ वर्गाबाहेरच ठेवा.

उत्तर : निवृत्त हवालदार, सिग्नल्स म्हणजे संदेशवहन दल (जि. यवतमाळ)

गुरुजी, मी स्वतः चार-पाच शाळांमध्ये गेलो आहे, म्हणून पलीकडची बाजू सांगतो. आम्हाला पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीलाच बोलावणे येते आणि त्या दिवशी आमच्याकडून जोशाची अपेक्षा असते, त्यामुळे आम्हीही जोशच देतो. साधा दिवस निवडा. कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत बोलवू नका, कारण नाही म्हणण्याचा संकोच वाटतो आणि मजुरीची खोटी होते. काही गोष्टी आम्ही सांगू शकत नाही, कारण शासकीय गुपितांचा कायदा निवृत्तीनंतरही लागू असतो, आणि काही गोष्टी सांगायच्या नसतात. त्यामुळे "हे राहू द्या" असे आम्ही म्हटले की पुढच्या प्रश्नाकडे जावे, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

तुमच्या आजोबांसाठी एक युक्ती सुचवतो. त्यांना गोष्ट सांगायला सांगू नका, पेटी उघडायला सांगा. १९७१ साठी पूर्व आघाडीवर, म्हणजे आजच्या बांगलादेशाच्या बाजूला, असणाऱ्यांना पूर्वी स्टार हे पदक आणि पश्चिम आघाडीवर असणाऱ्यांना पश्चिमी स्टार मिळाला. संग्राम मेडल त्याहून व्यापक प्रमाणात दिले गेले. कारगिलच्या बाबतीतही प्रत्यक्ष क्षेत्रात असणाऱ्यांना ऑपरेशन विजय स्टार आणि इतरत्र तैनात असलेल्यांना ऑपरेशन विजय मेडल, असा भेद आहे. गोल पदकाच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. माणसाची आठवण पन्नास वर्षांत सरकते, पण पदकाची कड सरकत नाही. तुम्ही इतिहास शिकवता, तेव्हा साधन म्हणजे काय हे याहून सोपे करून दाखवता येणार नाही.

बोलावताना हुद्द्याने हाक मारा. सुभेदाराला "साहेब" म्हणतात हे मुलांना ठाऊक नसते, आणि म्हातारपणी ती हाक ऐकून चेहरा कसा उजळतो ते पाहाच.

उत्तर : इतिहासाची अभ्यासक (अमरावती)

वरील सर्व मान्य आहे, पण एक सावधगिरी हवी. सैनिकाने पाहिलेले युद्ध म्हणजे त्याच्या खंदकाभोवतीचे दोनशे पावलांचे युद्ध असते. ते खरे असते, पण अपुरे असते. श्रीलंकेत १९८७ ते १९९० या काळात शांतिसेनेसोबत गेलेला सैनिक तिथल्या पायवाटा, सुरुंग आणि पाऊस सांगेल, परंतु भारत तिथे का गेला, सुमारे १,२०० जवान का गमवावे लागले आणि सैन्य परत का आले, हे शिक्षकानेच शिकवायचे आहे. महार रेजिमेंटच्या मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना त्याच मोहिमेसाठी मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. विदर्भातील अनेक घरे या रेजिमेंटशी पिढ्यान्‌पिढ्या जोडलेली असूनही मुलांना हे नाव माहीत नसते.

दुसरे म्हणजे तुम्ही तेल्हारा तालुक्यात आहात आणि लष्करी इतिहास दूर शोधत आहात, याचे मला थोडे हसू आले. आडगाव तुमच्याच तालुक्यात आहे. तिथे २९ नोव्हेंबर १८०३ रोजी नागपूरकर भोसल्यांची फौज आणि ईस्ट इंडिया कंपनीचा सेनानी आर्थर वेलस्ली याचे सैन्य यांची लढाई झाली. दोनच महिन्यांपूर्वी असईच्या लढाईत तोफांपुढे टिकलेल्या कंपनीच्या काही पलटणी इथे तोफा सुरू होताच मागे पळाल्या आणि वेलस्लीला त्या स्वतः पुन्हा उभ्या कराव्या लागल्या. त्या पलटणींतले शिपाईही हिंदुस्थानीच होते, हे मुलांना आवर्जून सांगा, कारण "आपले" आणि "त्यांचे" हे शब्द तिथे अडखळतात. पुढे १५ डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड किल्ला इंग्रजांच्या हाती पडला, किल्लेदार बेनीसिंग मारला गेला, आणि दोन दिवसांनी झालेल्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून जाऊन निजामाकडे गेला. तुमच्या विद्यार्थ्यांच्या शेताचा धनी त्या तीन आठवड्यांत बदलला.

शक्य असल्यास माजी सैनिकाला मुलांसोबत गाविलगडावर न्या. भाषण करू देऊ नका, फक्त विचारा : तुम्हाला हा किल्ला घ्यायचा असता तर कुठून चढला असता? दक्षिणेकडचे कडे पाहून तो नकार देईल आणि उत्तरेच्या पठाराकडे बोट दाखवील. इंग्रजांनी तोफा डोंगरातून ओढत नेमक्या त्याच बाजूने आणल्या होत्या. जमीन वाचणे ही सैनिकाची विद्या आहे आणि ती आपल्या पाठ्यपुस्तकात नाही.

उत्तर : पालक, चिखली तालुका (जि. बुलढाणा)

माझी शंका लहान आहे. आमच्याकडे पहाटे चारपासून मुले भरतीसाठी रस्त्यावर धावतात. फौजी वर्गात आला की पहिला प्रश्न उंची आणि छातीचा असतो, दुसरा अग्निवीरचा, आणि चार वर्षांनंतर चौघांतल्या एकालाच कायम करतात या चर्चेत तास संपतो. तो प्रश्न मुलांच्या पोटाचा आहे, म्हणून दडपू नका. पण त्यासाठी शाळा सुटल्यावरची वेगळी वेळ ठेवा. मुलींनाही त्या बैठकीला बसवा, त्यांना कोणी विचारतच नाही.

वऱ्हाडी मास्तर पुन्हा :

सर्वांचे मनापासून आभार. आडगावबद्दलचे हसू मी निमूटपणे स्वीकारतो. रोज त्याच फाट्यावरून शाळेत जातो.

काल संध्याकाळी आजोबांकडे गेलो आणि हवालदार साहेबांनी सांगितल्याप्रमाणे फक्त पेटीबद्दल विचारले. काळी पत्र्याची पेटी धान्याच्या कोठीमागे होती. पदके कापसात गुंडाळलेली निघाली. आम्ही सारा गाव आजवर समजत होतो की ते पंजाबच्या सीमेवर होते, कारण त्यांच्या बोलण्यात पंजाबी उस्तादांचे नाव सतत येते. पहिल्या पदकावर पूर्वी स्टार होते. मी विचारले तेव्हा म्हणाले, "पंजाबी तं उस्ताद होता. आम्ही तिकडं नद्याच नद्यायनं गेलो, पूल तुटलेले, गाडी तराफ्यावर चढवा लागे." मग अर्धा तास ते तराफ्यावर गाडी चढवताना चाकांना काय लावतात हे हाताने दाखवत होते.

शुक्रवारी तिसऱ्या तासाला येतो म्हणाले आहेत. मुलांना उद्या बांगलादेशातील नद्यांचा कोरा नकाशा देणार आहे.