अख्खं गॅरेज नेऊ नका

गाडीमागे ट्रेलर जोडून लांब जाताना कोणती हत्यारं न्यावीत, या प्रश्नावर वर कुणीतरी अख्खा सॉकेट सेट (वेगवेगळ्या मापांचे पाने) आणि ड्रिल मशीन न्यायला सांगितलंय. पहिल्या वेळी मीही तेच केलं. ठाण्याहून माळशेजला निघालो, हत्यारांचा डबा 12-13 किलोचा, आणि मुरबाडच्या पुढे ट्रेलरचं चाक पंक्चर. तेव्हा कळलं की गाडीचा व्हीलपाना ट्रेलरच्या नटांना बसतच नाही! जॅकही उंचीला कमी पडला. एका ट्रकवाल्या काकांनी सोडवलं.

तेव्हापासून निघायच्या आधी सोसायटीच्या पार्किंगमध्येच एक चाक काढून परत बसवून बघतो. त्यात जे हाताला लागलं ते डब्यात. (वॉचमनला वाटतं, माझी गाडी कायमच बिघडलेली.) नवीन बसवलेल्या चाकाचे नट 80 किलोमीटरच्या आत पुन्हा तपासावे लागतात, म्हणून टॉर्क रेंच (नट ठरावीक जोराने आवळायचा पाना) मात्र नेतोच. जॅकखाली जाड फळी हवीच, ओल्या मातीत तो रुततो. चाकांना अडसर म्हणून दोन लाकडी ठोकळे.

ट्रेलरचे मागचे दिवे गेले तर आधी गाडी आणि ट्रेलर जोडणाऱ्या प्लगच्या पिनांवरचा गंज आणि अर्थिंगची वायर बघा. टेस्ट लॅम्प (वायरीत वीज येते का ते दाखवणारा छोटा दिवा), जादा फ्यूज, पॉलिश पेपर, टेप एवढ्यावर भागतं. ड्रिल? चार वर्षांत एकदाही लागलं नाही.