जनावराने काय खाल्लं याने मांसात खरंच काही फरक पडत नाही?

माळरान:
काल इथे एकाने लिहिलं, "गवत खाऊ दे नाहीतर मका, मांस ते मांस, प्रोटीन तेवढंच, चराऊ मांस म्हणजे लोकांना लुबाडायचा धंदा". वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये म्हणून सविस्तर लिहितोय. प्रोटीन तेवढंच राहतं, मान्य, लोह आणि जस्तही खाद्याने फारसं हलत नाही. पण मांसात चरबी पण असते ना, आणि सगळा फरक तिथेच आहे! गवतावर वाढलेल्या गुरांच्या मांसात ओमेगा-३ जास्त, सीएलए (रवंथ करणाऱ्या जनावरांच्या चरबीतलं एक स्निग्धाम्ल) जास्त, व्हिटॅमिन ई तर कितीतरी जास्त. ओमेगा-३ च्या मानाने ओमेगा-६ किती, तर गवतावर साधारण दुप्पट किंवा त्याहून कमी, आणि धान्यावर तेच सात-आठपट होतं. याला "काही फरक नाही" म्हणायचं?

साधा_हिशोब:
काल लिहिणारा मीच. गुणोत्तरं सांगून लोकांना घाबरवू नका, मिलिग्रॅम सांगा. १०० ग्रॅम चराऊ मांसात ओमेगा-३ किती, तर काही डझन मिलिग्रॅम, फार तर शंभरच्या आसपास. चरबीवाल्या माशात तेवढ्याच वजनात १००० च्या वर असतं. आणि मांसातलं बरंचसं एएलए, म्हणजे वनस्पतींत असतं ते ओमेगा-३, त्यातलं शरीर थोडंच ईपीए-डीएचएमध्ये, म्हणजे माशात असतं त्या ओमेगा-३ मध्ये, बदलतं. माझ्या वडिलांना हृदयाचा त्रास झाल्यावर कुणीतरी हेच गुणोत्तर ऐकवलं आणि दोन वर्षं घरात महागडं मांस आलं, मासे बंद. तो राग अजून गेलेला नाही माझा.

गोठा_डॉक्टर:
दोघेही सगळी जनावरं एकाच मापाने मोजताय. रवंथ करणाऱ्यांच्या कोठीपोटात (पोटाचा पहिला मोठा कप्पा) जिवाणू असतात, ते चाऱ्यातली असंतृप्त चरबी बरीचशी संतृप्त करून टाकतात, त्यामुळे गाय, शेळी, मेंढीला काहीही घाला, मांसात त्यातलं थोडंच उतरतं. कोंबडी आणि डुकराचं तसं नाही, जे तेल खाद्यात तेच चरबीत. जवस घाला, ओमेगा-३ सरळ वाढतं. डुकराला मक्याचं तेल जास्त झालं की चरबी इतकी मऊ होते की नीट कापता येत नाही. फिशमील जास्त झालं तर कोंबडीला माशाचा वास येतो. म्हणजे खाद्याचा वाद घालायचाच तर कोंबडीवर घाला.

रानकोंबडी:
एवढं कशाला, रंग बघा ना! चरबी पिवळी म्हणजे हिरवा चारा खाल्लेलं जनावर, मी तर पिवळी चरबी बघूनच मांस घेते, कधी फसले नाही.

साधा_हिशोब:
फसला नाहीत हे तुम्हाला कसं कळणार ताई? मी दोन वर्षं एका पोल्ट्री शेडवर होतो, खाद्यात झेंडूचा अर्क मिसळायचो, पोती मी स्वतः रिकामी केलीत. चार भिंतीआड वाढलेल्या कोंबड्यांची कातडी पिवळीधमक.

रानकोंबडी:
मी कोंबडीबद्दल बोललेच नव्हते. वीस वर्षं घर चालवतेय, मांस कसं पारखायचं ते तुमच्याकडून शिकायची गरज नाही मला.

गोठा_डॉक्टर:
ताई, रागावू नका, पण शेळी-मेंढीत पण रंगावर जाता येत नाही. गाईच्या शरीरात कॅरोटीन, म्हणजे हिरव्या चाऱ्यातलं पिवळं रंगद्रव्य, बरंचसं तसंच उरतं आणि चरबीत साठतं. शेळी, मेंढी, म्हैस त्याचं जवळजवळ सगळं व्हिटॅमिन ए करून टाकतात, म्हणून आयुष्यभर कुरणात चरलेल्या बोकडाचीही चरबी पांढरीच. म्हशीचं दूध पांढरं आणि गाईचं पिवळसर ते याचमुळे. त्यात म्हाताऱ्या गाईची चरबी जास्त पिवळी असते, म्हणजे गाईतही रंग सगळं सांगत नाही.

रानकोंबडी:
बोकडाचं ठाऊक नव्हतं. ठीक आहे, तेवढं मान्य. पण झेंडू घालून लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकणारे दोषी, रंग बघून घेणारी मी नाही.

माळरान:
रंगावरच अर्धा धागा गेला, माझं मूळ म्हणणं राहिलं बाजूला. साधा_हिशोब, माशाचं बरोबर आहे तुमचं, ओमेगा-३ साठी मांस खाणं हा उलटा मार्ग, घेतो मागे. पण व्हिटॅमिन ई बद्दल तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत.

साधा_हिशोब:
कारण ते खरं आहे. पण विकणारे ते सांगतात का? आणि शेवटचे काही महिने धान्यावर ठेवलं तर गवताने मिळवलेलं ओमेगा-३ उतरत जातं, मग नुसतं "चराऊ" म्हणून विकायचं? शेवटपर्यंत गवतावरच होतं का, हे लिहून द्या, मग मी जास्त पैसे मोजीन.

माळरान:
हे मात्र मलाही हवंय.

नवा_शेडवाला:
मध्येच विचारतो, माफ करा. मी कोंबड्यांना जवस सुरू केलंय, पण फ्रीजरमधलं मांस आधीपेक्षा लवकर खवट होतंय. काय चुकतंय?

गोठा_डॉक्टर:
काही चुकत नाहीये दादा, ती चरबीच हवेने लवकर बिघडणारी. खाद्यात व्हिटॅमिन ई वाढवा, पॅकिंगमध्ये हवा राहू देऊ नका. आणि जवस किती टक्के घालताय ते आधी सांगा.