थंडरबर्डमधील दोनशेहून अधिक फिल्टरांची मांडणी कशी करावी?

नमस्कार.

मी गोव्यात फोंड्यातील एका घाऊक औषध वितरकाच्या कार्यालयात मागण्यांचे ईमेल पाहतो. पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या फार्मसींकडून आलेली मागणी त्या त्या तालुक्याच्या फोल्डरमध्ये जावी, यासाठी थंडरबर्ड या ईमेल प्रोग्राममध्ये वर्षानुवर्षे फिल्टर (आलेले ईमेल अटींनुसार आपोआप वेगळे करणारे नियम) वाढत गेले आणि आता ते दोनशेच्या पुढे आहेत. एकाच गावाचे नाव रोमन लिपीत कोणी साखळी लिहितो, कोणी सांकेलिम. कोणी केपे, कोणी क्वेपेम. एकाच फिल्टरमध्ये 'यांपैकी कोणतीही अट' हा पर्याय घेऊन दोन्ही रूपे बसली असती, परंतु आमच्याकडे प्रत्येक रूपासाठी स्वतंत्र फिल्टर आहे.

मेसेज फिल्टर्सच्या खिडकीत ही सगळी एकच लांब यादी दिसते. तिचे गट पाडता येत नाहीत आणि शोधाची चौकट केवळ फिल्टरच्या नावावरून शोधते. फिल्टर वरून खाली क्रमाने चालत असल्यामुळे कोणता कोणाच्या वर आहे यावरच सारे अवलंबून असते. अलीकडेच एका फार्मसीने विषयात 'काणकोणच्या सकाळच्या गाडीने पाठवा' असे लिहिले. वाहतूकदारांसाठीचा फिल्टर यादीत वर होता आणि त्याची अट विषयात 'गाडी' हा शब्द असावा एवढीच होती. मागणी वाहतुकीच्या फोल्डरमध्ये गेली आणि गाडी निघून गेल्यावर दिसली. त्या मागणीत इन्सुलिन होते. ते २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राखून पोचवायचे असल्याने दुपारी मिळेल त्या वाहनाने धाडता येत नाही, आणि तिकडे रुग्ण वाट पाहत असतो.

मला सुचलेला मार्ग असा: बाराही तालुक्यांसाठी वेगळी ॲड्रेस बुक करावीत, फार्मसींचे पत्ते त्यांत भरावेत आणि 'पाठवणारा अमुक ॲड्रेस बुकमध्ये आहे' अशा अटीचा प्रत्येक तालुक्याला एकच फिल्टर ठेवावा. नवी फार्मसी जोडली गेली तर फिल्टरला हात न लावता फक्त पत्ता भरावा लागेल, हा मला यातला सर्वांत मोठा लाभ वाटतो. परंतु काही मालकांची दुकाने फोंड्यातही आहेत आणि धारबांदोड्यातही, आणि मागण्या मात्र एकाच पत्त्यावरून येतात. त्यांच्यासाठी विषयातील गावाचे नाव पाहणारे मोजके फिल्टर सर्वांत वर ठेवून प्रत्येकाच्या शेवटी 'स्टॉप फिल्टर एक्झिक्युशन' (पुढचे फिल्टर न चालवणे) ही क्रिया लावावी, की असे ईमेल कोठेही न हलवता त्यांना केवळ टॅग लावून इनबॉक्समध्येच राहू द्यावे?

दुसरा प्रश्न जुन्या यादीच्या साफसफाईचा आहे. थंडरबर्ड प्रत्येक खात्याचे फिल्टर प्रोफाइलमधील (त्याची माहिती साठवणाऱ्या फोल्डरमधील) एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवतो. थंडरबर्ड बंद करून, फाइलची प्रत बाजूला काढून, त्या फाइलमध्येच क्रम बदलणे आणि एकाच गावाच्या दोन रूपांचे फिल्टर एकत्र करणे हे खिडकीत एकेक ओळ वर-खाली सरकवण्यापेक्षा सोपे दिसते. आमची आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवणारी) खाती तीन आहेत आणि फोल्डरच्या मार्गात खात्याचे नाव असल्यामुळे एका खात्याची फाइल दुसऱ्याला जशीच्या तशी चालत नाही, ते बदलावे लागेल.

एवढी मोठी यादी ज्यांनी प्रत्यक्ष आवरली आहे, त्यांनी आधी ॲड्रेस बुक तयार केली की आधी जुने फिल्टर काढले, आणि चालू कामात मागण्या न चुकता हा बदल कसा पार पाडला, हे कृपया सविस्तर लिहावे. जुने फिल्टर लगेच न पुसता त्यांच्यासमोरची खूण काढून काही काळ बंद ठेवण्याचा माझा विचार आहे. त्यात काही धोका असल्यास तोही सांगावा.