शब्दचर्चा: मेंब्रेनस नेफ्रोपथीचं ‘प्रमाण’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न (खानापूर): मोठ्या माणसांना नेफ्रोटिक सिंड्रोम (लघवीतून खूप प्रथिनं जाऊन अंगावर सूज येणं) करणाऱ्या मेंब्रेनस नेफ्रोपथी या मूत्रपिंडाच्या आजारावर माहितीपत्रक करायचं आहे. ‘इन्सिडन्स’ आणि ‘प्रिव्हलन्स’ या दोन्हींना ‘प्रमाण’ चालेल का? शीर्षकात ‘साथरोगशास्त्र’ (एपिडेमिऑलॉजी, म्हणजे आजार कुणाला आणि किती जणांना होतो याचा अभ्यास) घ्यावं का?

बेळगाव: चालणार नाही, सर. वर्षभरात नव्याने निदान झालेले तो ‘नवरुग्ण दर’ (इन्सिडन्स). आज आजार असलेले जुने-नवे सगळे मिळून ‘व्याप्ती’ (प्रिव्हलन्स). पाश्चात्त्य देशांत या आजाराचा नवरुग्ण दर वर्षाला लाखामागे 1 च्या आसपास आहे. 2011 च्या जनगणनेत बेळगाव जिल्हा सुमारे 47.8 लाखांचा. तोच दर लावला तर वर्षाला 48 नवे. आजार सरासरी 10 वर्षं राहतो असं धरलं तर व्याप्ती 480. मग ‘प्रमाण’ 48 की 480? 48 आणि 480 हे आकडे फरक कळण्यापुरते, पत्रकात घालू नका. आजार पन्नाशी-साठीत जास्त, पुरुषांत बायकांच्या साधारण दुप्पट. तिकडे वयस्कर माणसं अधिक, त्यामुळे तिकडचा दर इथे जसाच्या तसा बसत नाही.

निपाणी: खरा घोटाळा तिसऱ्या ‘प्रमाणा’चा. ‘प्रौढांच्या नेफ्रोटिक सिंड्रोममध्ये मेंब्रेनस 20 ते 30 टक्के’ हा दर नव्हे, बायोप्सी (मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासणी) झालेल्यांतला वाटा आहे. मधुमेह जुना असेल तर 24 तासांच्या लघवीत 3.5 ग्रॅमच्या वर प्रथिनं जात असली तरी पुष्कळदा बायोप्सी होत नाही, म्हणजे तो रुग्ण छेदात (ज्यांतून वाटा काढतो त्या एकूण संख्येत) येतच नाही, आणि वाटा वाढलेला दिसतो. उलट 2009 साली या आजाराच्या बऱ्याच रुग्णांत आढळणाऱ्या पीएलए2आर प्रतिपिंडाचा शोध लागला आणि आता रक्तात तो सापडला की काही रुग्णांची बायोप्सी टळते. आजार तेवढाच, पण बायोप्सीतला वाटा घटलेला दिसेल. म्हणून ‘वाटा’ हाच शब्द घ्या, आणि कशातला वाटा तेही त्याच वाक्यात लिहा.

चिकोडी: ‘सेकंडरी’ला ‘दुय्यम’ अजिबात नको. दुय्यम म्हटलं की माणूस ‘कमी गंभीर’ असंच समजतो. इथे अर्थ ‘दुसऱ्या कारणामुळे झालेला’: हिपॅटायटिस बी, ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटणारा आजार), कर्करोग, वेदनाशामक गोळ्या. साधारण पाचातला एक रुग्ण या गटातला. पारा असलेली गोरेपणाची क्रीम आणि काही देशी औषधं यांचाही संबंध भारतात दिसला आहे, तेव्हा ‘लावायची-खायची सगळी औषधं वेष्टनासकट दाखवा’ एवढं पत्रकात हवंच.

बेळगाव: शीर्षकात ‘साथ’ नको. आजार संसर्गाचा नाही, पण ‘साथ’ वाचून घरचे रुग्णाचं ताट-तांब्या वेगळं करतील. कन्नड पत्रकातही ‘सांक्रामिक’ टाळा, तोच अर्थ निघतो. ‘मूत्रपिंड’ मात्र दोन्ही भाषांत चालतं. ‘मूत्रपिंडाचा हा आजार कुणाला होतो, किती जणांना होतो’ असं शीर्षक करा.

खानापूर: पहिलं वाक्य असं केलं: ‘दर लाख लोकांमागे एका वर्षात साधारण एकाला नव्याने होतो (पाश्चात्त्य देशांतल्या नोंदी)’.

निपाणी: बरोबर. ‘एका वर्षात’ आणि ‘नव्याने’ यांतलं काहीही गाळू नका.