मोलेच्या जंगलात दोन दिवस: पक्ष्यांच्या फोटोंसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी फोंड्याचा. जानेवारीत शनिवार-रविवार गोव्यातल्या मोले राष्ट्रीय उद्यानात फोटोसाठी जायचं ठरवलंय. दूधसागर धबधबा यावेळी नको, तिथे नेणाऱ्या कुळ्याच्या जीपमध्येच अर्धा दिवस जातो. मला पक्षीच हवेत.

गेल्या वर्षी तांबडी सुर्लाच्या देवळामागे ओढ्याकाठी मलबारी कर्णा दिसला होता. लालभडक पोटाचा पक्षी, पण पाठ माझ्याकडे, मान तेवढी वळवलेली. दहा मिनिटं हलला नाही. पण झाडी इतकी दाट की शटरचा वेग १/६० सेकंदाच्या वर जाईना, आणि सगळे फोटो हलले. ती हळहळ अजून गेलेली नाही.

माझ्याकडे ७०-३०० मिमीची झूम लेन्स आहे. अशा अंधारात आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ३२०० पर्यंत न्यावा की मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) घ्यावा? फ्रॉगमाऊथ या निशाचर पक्ष्याची जोडी दिवसा वाळक्या पानांसारखी निपचित बसते, ती मला एकट्याला सापडणार नाही. तिला न उठवता लांबूनच दाखवील असा जाणता स्थानिक वाटाड्या कुणाला माहीत आहे का? रेकॉर्ड केलेले आवाज वाजवून पक्षी बोलावणारा मात्र नको. आणि पहाटे सहाला जंगलाच्या तोंडाशी पोचायचं तर मुक्काम मोल्यात करावा की तांबडी सुर्लाच्या बाजूला?